सलाईन किती द्यावें?

गेल्या भाद्रपदांत गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या पुतण्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा ताप उतरला. चार दिवस १०३ अंशांपर्यंत चढणारा पारा पांचव्या दिवशीं आपण होऊन खालीं आला, तेव्हां घरांतील सर्वांच्या जिवांत जीव आला. वहिनींनीं, म्हणजे मुलीच्या आजीनें, देवापुढें साखर ठेविली आणि मऊ भात व मेतकूट कालवून त्या नातीच्या उशाशीं बसल्या. पण मुलगी घांस घेईना. पोट दुखतें म्हणाली, दोन वेळां ओकली आणि डोळे मिटून पडून राहिली. वहिनींनीं तिच्या पायांवरून हात फिरविला तों पाय गार लागले. “ताप गेला, म्हणून पाय निवाले हो,” असें त्या म्हणाल्या व आम्हां सर्वांस तें पटलें. मुलीच्या आईस मात्र पटलें नाहीं. आदल्या रात्रीं निजल्यापासून मुलीनें लघवी केलेली नाहीं, एवढी एकच गोष्ट तिनें मनांत धरली आणि दहाच्या आंत मुलीस रुग्णालयांत नेलें. ताप डेंग्यूचा आहे हें रक्ताच्या तपासणीवरून आधींच कळलें होतें. ताप उतरला म्हणजे डेंग्यू संपला, ही समजूत मात्र आमची स्वतःची होती.

ही हकीगत वाचकांपुढें ठेवितों ती घरगुती आठवण म्हणून नव्हे. त्या दोन दिवसांत एका गोष्टीवरून आम्हीं डॉक्टरांशीं वाद घातला, आणि त्या वादांत आम्ही साफ चुकलों होतों. ती गोष्ट म्हणजे सलाईन. आपल्याकडे मूल फार आजारी झालें कीं नातलगांच्या तोंडीं पहिलें वाक्य येतें तें ‘सलाईन लावा’ हें. आणि बाटली जितकी भराभर रिकामी होईल तितका उपचार चांगला, असाहि एक समज घरोघरीं रुजलेला आहे. वास्तविक अत्यवस्थ मुलास शिरेवाटे पाणी किती द्यावें, केव्हां थांबवावें आणि हें कशावरून ठरवावें, हा बालवैद्यकांतील अत्यंत कठीण प्रश्नांपैकीं एक आहे. त्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ विचार झालेला आहे व तो प्रत्येक आईबापानें समजून घेण्यासारखा आहे.

आंकडा चांगला, मूल वाईट

रुग्णालयांत एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं मुलीच्या दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजला. वरचा ९६ व खालचा ८० भरला. आमच्या घरीं रक्तदाबाचें यंत्र आहे व रोज सकाळीं आम्ही आपला दाब टिपून ठेवितों. त्या विद्येच्या जोरावर ‘सहा वर्षांच्या मुलीस ९६ म्हणजे उत्तमच कीं’ असें आम्हीं पुतण्यास हळूच सांगितलें. डॉक्टरीणबाईंचा चेहरा कांहीं निराळें सांगत होता. त्यांनीं मुलीच्या पायाचा अंगठा पांच सेकंद दाबून धरला, सोडला, आणि पांढरी पडलेली कातडी पुनः लाल होण्यास किती वेळ लागतो तें घड्याळाकडे पाहून मोजलें. दोन सेकंदांत परतावयाचा रंग पांच सेकंदांनीं परतला. मनगटाची नाडी दोऱ्यासारखी बारीक लागत होती आणि मिनिटास दीडशेंच्या घरांत होती.

दाब चांगला असतां मूल अत्यवस्थ कसें, हें समजण्यास ओढगस्तीच्या संसारांतली शहाणी गृहिणी डोळ्यांपुढें आणावी. पाहुणा पानावर बसला असतां त्याच्या पानांत ती कांहीं कमी दिसूं देत नाहीं. आधीं स्वतःच्या पानांतलें काढते, मग घरच्यांच्या. पाहुण्याच्याच पानांत जेव्हां कमी पडतें, तेव्हां डबे केव्हांच रिकामे झालेले असतात. मुलाच्या शरीराचा कारभार नेमका असाच चालतो. रक्त कमी पडूं लागलें कीं प्रथम कातडीकडील व हातापायांकडील सूक्ष्म रोहिण्या आवळल्या जातात, मग आंतडीं व मूत्रपिंडें यांचा वांटा कमी होतो, आणि वांचविलेलें सर्व रक्त मेंदू व हृदय यांच्याकडे वळविलें जातें. म्हणून पाय गार पडतात, लघवी थांबते, पोट दुखतें. आणि दाब मात्र कांहीं काळ जागच्या जागीं राहतो. मुलांच्या रोहिण्या मोठ्या माणसांच्यापेक्षां अधिक जोरानें आवळतात, त्यामुळें त्यांचा दाब फार उशिरां ढासळतो, आणि एकदां ढासळूं लागला कीं फार थोडा अवधि उरतो.

दुसरी गोष्ट हृदयाची. मोठ्या माणसाचें हृदय गरज पडल्यास प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त फेंकूं शकतें. लहान मुलाच्या हृदयास ही शक्ति बेताचीच असते. तें आपलें काम मुख्यतः ठोके वाढवून साधतें. नवजात बालकाचें हृदय एरव्हीच मिनिटास १२० ते १६० वेळां उडतें. तेव्हां ताप नसतां, रडें नसतां, मुलाची नाडी धांवत असेल तर तें कसली तरी तूट भरून काढीत आहे असें समजावें. आणि तूट भरण्यास शिल्लक तरी किती? मुलाच्या अंगांत वजनाच्या दर किलोस सुमारें ८० मिलिलिटर रक्त असतें. दहा किलोच्या मुलाच्या सबंध देहांत एक लिटरभरहि रक्त नाहीं. मोठ्यांस क्षुल्लक वाटणारी एक वाटीभर तूट त्याच्या दृष्टीनें केवढी मोठी आहे हें यावरून दिसेल.

एक ते दहा वर्षांच्या मुलांत वयाची दुप्पट करून तींत ७० मिळविले असतां वरच्या दाबाची शेवटची मर्यादा येते. सहा वर्षांस ती ८२. आमच्या मुलीचा ९६ हा आंकडा तिच्याहून पुष्कळ वर होता हें खरें. पण वरच्या व खालच्या दाबांतील अंतर अवघें १६ उरलें होतें. डेंग्यूमध्यें हें अंतर २० किंवा त्याहून कमी झालें आणि त्याबरोबर हातपाय गार पडले, तर मूल आघाताच्या, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘शॉक’ म्हणतात त्या, अवस्थेंत शिरलें असें मानतात. डेंग्यूच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान, बहुधा ताप उतरतांनाच, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरूं लागतात व रक्तांतील पातळ भाग पोटाच्या व छातीच्या पोकळींत उतरतो. रक्त घट्ट होतें आणि वाहिन्या रित्या पडतात. वहिनींना जें निवणें वाटलें तें हें होतें.

लीथ येथील म्हातारी

रित्या वाहिन्यांत पाणी भरावें, ही कल्पना आज अगदीं साधी वाटते. ती प्रथम सुचली कॉलऱ्याच्या सांथींत. सन १८३१-३२ मध्यें ही सांथ ब्रिटनमध्यें पोहोंचली, तेव्हां विल्यम ब्रूक ओशॉनेसी या तरुण वैद्यानें रुग्णांचें रक्त तपासून त्यांतील पाणी व क्षार नाहींसे होतात असें दाखविलें. हेच ओशॉनेसी पुढें कलकत्त्यास आले आणि हिंदुस्थानांत तारायंत्राचें जाळें उभारण्याचें कामहि त्यांनींच केलें. त्यांच्या निष्कर्षावर विसंबून सन १८३२ च्या मे महिन्यांत एडिंबरोजवळील लीथ गांवीं डॉ. टॉमस लाटा यांनीं एका मरणोन्मुख म्हाताऱ्या बाईच्या शिरेंत मीठ व सोडा घातलेलें पाणी सोडावयास आरंभ केला. सुमारें सहा पाइंट पाणी आंत गेलें तेव्हां बसलेले डोळे वर आले, नाडी परत लागूं लागली, अंग कोमट झालें. आपलें काम झालें असें समजून थकलेले लाटा रुग्णास तेथील वैद्याच्या स्वाधीन करून घरीं गेले. ते गेल्यावर थोड्याच वेळांत तिचे जुलाब व ओकाऱ्या पुनः सुरू झाल्या. त्यांस कोणी कळविलें नाहीं, आणि साडेपांच तासांत ती बाई मरण पावली.

सलाईनच्या इतिहासांतील या पहिल्याच प्रकरणांत आमच्या विषयाचें अर्धें सार आलेलें आहे. उपचार खरा होता व पाणीहि पुरेसें होतें. उणीव पडली ती नंतर पाहत बसण्यांत.

उरलेलें अर्धें सार समजण्यास मात्र वैद्यकास पुढें पावणेदोनशें वर्षें लागलीं.

आफ्रिकेंतील पाहणी

सन १९९१ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील एका बालरुग्णालयांतील ३४ मुलांच्या हकीगती प्रसिद्ध झाल्या. रक्तदोषानें आघातावस्थेंत गेलेल्या या मुलांपैकीं ज्यांस पहिल्या तासांत वजनाच्या दर किलोस ४० मिलिलिटरहून अधिक पाणी मिळालें तीं अधिक संख्येनें वांचलीं, असें त्यांत दिसून आलें. मुलें थोडीं होतीं. पण त्यावरून ‘लौकर द्या आणि भरपूर द्या’ हा पाठ जगभर रूढ झाला. जेथें श्वसनयंत्रें आहेत, मुलामागें एक परिचारिका आहे, तेथील हा अनुभव. तो जेथें यांतलें कांहींच नाहीं तेथेंहि तसाच लागू पडेल असें गृहीत धरण्यांत आलें.

या गृहीताची परीक्षा युगांडा, केनिया आणि टांझानिया या तीन देशांतील सहा रुग्णालयांत झाली. कॅथरिन मेटलँड या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या नेतृत्वाखालीं सन २००९ पासून ३,१४१ मुलें या पाहणींत घेण्यांत आलीं. सर्वांस जोराचा ताप होता आणि हातापायांतील रक्तप्रवाह मंदावल्याचीं चिन्हें होतीं. निम्म्याहून अधिकांस हिंवताप होता. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे तीन वर्ग करण्यांत आले. पहिल्या वर्गास तासाभरांत मिठाच्या पाण्याचा मोठा हप्ता, दुसऱ्यास आल्ब्युमिन या रक्तांतील प्रथिनाच्या पाण्याचा तितकाच हप्ता, आणि तिसऱ्यास हप्ता मुळींच न देतां फक्त रोजच्या गरजेपुरतें पाणी देण्यांत आलें. बाकीचे उपचार तिन्ही वर्गांस सारखे होते.

मोठ्या हप्त्यानें मुलें अधिक वांचतील, अशीच सर्वांची अपेक्षा होती. सन २०११ च्या आरंभीं देखरेख समितीनें पाहणी मध्येंच थांबविली, कारण उलट घडत होतें. अठ्ठेचाळीस तासांच्या आंत हप्ता दिलेल्या दोन वर्गांत शंभरांमागें १०.६ व १०.५ मुलें दगावलीं. हप्ता न दिलेल्या वर्गांत ७.३. म्हणजे मोठा हप्ता दिल्यामुळें दर शंभरांत तीन मुलें अधिक गेलीं. विशेष चमत्कारिक गोष्ट अशी कीं, पहिल्या तासांत हप्ता दिलेल्या मुलांचींच चिन्हें अधिक सुधारलेलीं दिसत होतीं. फुप्फुसांत पाणी भरून हीं मुलें गेलीं असावींत असा प्रथम तर्क झाला. पुढें बारकाईनें छाननी करतां दिसलें कीं अधिक झालेले मृत्यु बहुतेक रक्ताभिसरणच कोसळून झाले होते.

येथें वाचकांनीं एक सावधगिरी बाळगावी. या पाहणींत जुलाबांनीं सुकलेलीं मुलें घेतलेलीं नव्हतीं. ज्याच्या अंगांतील पाणी खरोखरच वाहून गेलें आहे, त्यास तें भरून देणें हाच उपाय. सन १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनोबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी तोंडानें पाजून हजारों जीव वांचविले, तो धडा आजहि तितकाच खरा आहे. आफ्रिकेंतील पाहणीनें शिकविलें तें एवढेंच कीं, पाय गार आहेत एवढ्यावरून वाहिन्या रित्या आहेत असें ठरत नाहीं. हृदय दुबळें झालें तरी पाय गार पडतात, आणि रोहिण्या अन्य कारणानें आवळल्या तरी पडतात.

याला अनुसरून सन २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत दोन निरनिराळे सल्ले देण्यांत आले. जेथें अतिदक्षता विभाग आहे तेथें दर किलोस १० ते २० मिलिलिटरचा एकेक हप्ता द्यावा, प्रत्येक हप्त्यानंतर मूल पुनः तपासावें, गरज दिसल्यास पहिल्या तासांत ४० ते ६० पर्यंत जावें, आणि अधिक झाल्याचीं चिन्हें दिसतांच थांबावें. जेथें असा विभाग नाहीं आणि दाब खालावलेला नाहीं, तेथें हप्ता देऊंच नये. एकाच रोगाच्या एकाच मुलास दोन ठिकाणीं दोन सल्ले, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. पण चुकलें तर सांवरणारा कोणी जवळ आहे कीं नाहीं, यावर औषधाची मात्रा अवलंबून असावी यांत गैर कांहीं नाहीं.

कोंकणांतला लाल विंचू

गार पाय फसवितात, याचें अत्यंत ठळक उदाहरण दूर आफ्रिकेंत शोधावयास नको. तें आमच्या कोंकणांत आहे. तेथील लाल विंचू चावलेलें मूल दरदरून घामेजतें, ओकतें, आणि त्याचे हातपाय बर्फासारखे पडतात. विषामुळें शरीरांतील उत्तेजक रसांचा एकाएकीं महापूर लोटतो; रोहिण्या करकचून आवळल्या जातात, दाब चढतो, त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलतांना हृदय थकतें, आणि कांहीं तासांत फुप्फुसें पाण्यानें भरून येतात. पूर्वीं अशा गंभीर रुग्णांपैकीं शंभरांत तीसच्या आसपास दगावत.

सन १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नोकरीस लागले. तेथें मोठीं यंत्रें नव्हतीं. त्यांनीं जें केलें तें असें कीं, विंचू चावलेल्या रुग्णाजवळ बसून दाब, नाडी, श्वास, घाम आणि हातापायांची ऊब यांच्या नोंदी तासातासास ठेविल्या. त्या नोंदींतून रोगाची चाल उघडी पडली, आणि त्यावरून त्यांनीं रोहिण्या सैल करणारें प्राझोसिन हें रक्तदाबाचें स्वस्त औषध या रोगावर वापरून पाहिलें. त्यांचा लेख सन १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. हें औषध रूढ झाल्यावर मृत्यूचें प्रमाण शंभरांत एक-दोनांवर आलें. पुढें सन २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

औषध पुनः पुनः केव्हांपर्यंत द्यावयाचें? तर हातपाय कोरडे व कोमट होईपर्यंत. उपचाराचा शेवट ठरविणारें यंत्र म्हणजे वैद्याचा हात. गार पायांच्या एका मुलास पाणी हवें असतें. गार पायांच्या या दुसऱ्या मुलास वाहिन्या सैल करणें हवें असतें, आणि त्याच्या थकलेल्या हृदयावर शिरेवाटे भराभर पाणी लोटलें तर फुप्फुसें अधिकच भरतील. लक्षण एक आणि उपाय दोन. यांतला कोणता, हें नोंदींवरून ठरावयाचें.

यंत्रें काय सांगतात

आजच्या अतिदक्षता विभागांत अर्थातच पुष्कळ यंत्रें असतात. प्रत्येक यंत्र एका प्रश्नाचें उत्तर देतें व बाकीच्यांविषयीं मौन धरतें, हें ध्यानीं ठेविलें म्हणजे त्यांचा बाऊ वाटत नाहीं.

दंडास बांधावयाचा पट्टा सन १८९६ सालीं इटलींतील रिव्हा-रोच्ची यांनीं काढला. तो दाब सांगतो, प्रवाह सांगत नाहीं. आणि मुलाच्या दंडास तो लहान पडला तर दाब खोटाच जास्त दाखवितो. बोटास लावावयाचा चिमटा जपानांतील ताकुओ आओयागी यांच्या कल्पनेंतून सन १९७४ च्या सुमारास आला. तो रक्तांत प्राणवायु किती हें सांगतो, पण तें रक्त पायांपर्यंत पोहोंचतें कीं नाहीं हें सांगत नाहीं. बोट फार गार असेल तर त्यास कांहींच नीट वाचतां येत नाहीं. ध्वनिलहरींनीं हृदय पाहण्याची युक्ति सन १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें एडलर आणि हर्ट्झ यांनीं काढली. आज तेंच यंत्र खाटेपाशीं आणून हृदय रितें आहे कीं थकलेलें आहे हें पाहतां येतें, आणि पाणी द्यावें कीं हृदयास जोर देणारें औषध द्यावें याचा निर्णय करण्यास त्याचा फार उपयोग होतो. पेशींना प्राणवायु कमी पडला कीं रक्तांत लॅक्टेट नांवाचें द्रव्य सांचतें. तें तासातासानें उतरत असेल तर आपण योग्य मार्गावर आहों असें समजतात.

तरी यंत्रांचा इतिहासहि सावध करणारा आहे. सन १९७० सालीं हृदयांतून फुप्फुसाच्या रोहिणीपर्यंत जाणारी एक नळी निघाली. तिच्या साह्यानें आंतले सर्व दाब मोजतां येऊं लागले व ती हजारों रुग्णांस घालण्यांत आली. पुढें नीट तुलना करून पाहतां, मोठ्या माणसांत तरी, ती घातलेले रुग्ण न घातलेल्यांपेक्षां अधिक वांचतात असें आढळलें नाहीं. उलट सन २०१९ सालीं दक्षिण अमेरिकेंतील पांच देशांच्या २८ रुग्णालयांत ४२४ प्रौढ रुग्णांवर एक तुलना झाली. निम्म्यांचे उपचार लॅक्टेट पाहून ठरविले आणि निम्म्यांचे केवळ बोट दाबून रंग परतण्याचा वेळ मोजून. बोट दाबून उपचार केलेल्यांत शंभरांमागें ३४.९ व लॅक्टेटच्या वर्गांत ४३.४ रुग्ण महिन्याभरांत दगावले. हा फरक योगायोगानें आलेला नाहीं असें ठामपणें म्हणण्याइतका तो मोठा नव्हता. पण फुकटची ती परीक्षा महागड्या परीक्षेहून वाईट ठरली नाहीं, एवढें तरी दिसलें.

वहिनींचा वाद

आतां आमच्या मुलीकडे वळूं. तिचें वजन १८ किलो. पहिल्या तासांत तिला १८० मिलिलिटर सलाईन देण्यांत आलें. तासानंतर पाय थोडे कोमट झाले, दाबांतील अंतर २६ झालें. तेव्हां डॉक्टरीणबाईंनीं सलाईनचा वेग कमी केला. आमच्या कपाळास आठ्या पडल्या. संध्याकाळीं अंतर पुनः अरुंद झालें, रक्त अधिक घट्ट झालें, तेव्हां वेग वाढविला. रात्रीं पुनः कमी केला. खाटेच्या पायथ्याशीं टांगलेल्या कागदावर तासातासास नाडी, दाब, पायांची ऊब, रंग परतण्याचे सेकंद आणि लघवीचें माप असे पांच रकाने भरले जात. दुसरे दिवशीं दुपारीं त्यांनीं बाटली काढून टाकावयास सांगितलें, तेव्हां मात्र वहिनींचा धीर सुटला.

“अहो, पोर अजून धड उठून बसत नाहीं आणि तुम्ही सलाईन काढतां? पैसे कमी पडले असतील तर तसं सांगा, आम्ही कुठं नाहीं म्हणतों!”

आम्हींहि वहिनींचीच बाजू घेतली, हें येथें कबूल केलें पाहिजे. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहींत. त्या म्हणाल्या, “आजी, काल हिच्या अंगांतलं पाणी बाहेर पाझरत होतं, म्हणून वरून देत होतों. आतां तेंच पाणी परत रक्तांत यायला लागलंय. आणखी ओतलं तर तें फुप्फुसांत जाईल. तुमचा हात द्या इकडे.” आणि त्यांनीं वहिनींचा हात धरून मुलीच्या पावलावर ठेविला. पाऊल ऊबदार होतें. मग त्यांनीं वहिनींना अंगठा दाबून रंग पाहावयास शिकविलें, आणि म्हणाल्या, “रात्रभर मधून मधून पाहा. गार लागला, नाहीं तर श्वास जोरांत वाटला, तर कितीहि वाजले असले तरी मला उठवा.”

त्या रात्रीं वहिनी निजल्या नाहींत. थेंबे थेंबे तळें सांचतें ही म्हण आपण कौतुकानें उच्चारतों; पण तें तळें फुप्फुसांत सांचूं लागलें तर काय होईल, हा विचार आम्हांस त्या रात्रीं प्रथमच सुचला. पहांटे मुलीनें लघवी केली. परिचारिकेनें मापून रकान्यांत आंकडा लिहिला, आणि वहिनींनीं तो चष्मा लावून वाचला.

घरीं काय पाहावें

अत्यवस्थ मुलाचा उपचार घरीं करावयाचा नाहीं. पण तें अत्यवस्थ होत आहे हें ओळखणें बहुधा घरच्यांच्याच हातीं असतें. म्हणून कांहीं गोष्टी सांगतों.

तापांत मुलाचे तळहात व तळपाय यांवर हात ठेवून पाहावें. अंग तापलेलें आणि पाय गार, किंवा ताप उतरला असतां मूल अधिकच मलूल, अशी स्थिति दिसली तर थांबूं नये. मुलानें शेवटची लघवी केव्हां केली हें लक्षांत ठेवावें; पांच-सहा तास झाली नसेल तर डॉक्टरांस तें प्रथम सांगावें. सतत ओकारी, पोटांत तीव्र दुखणें, हिरड्यांतून अगर नाकांतून रक्त, श्वासाची धाप, अकारण चिडचीड किंवा गुंगी हीं चिन्हें डेंग्यूच्या दिवसांत विशेष धोक्याचीं आहेत. अशा तापांत ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन हीं औषधें आपल्या मतानें देऊं नयेत. त्यांनीं रक्तस्राव वाढतो. जुलाब होत असतील तर मीठ-साखरेचें पाणी चमच्याचमच्यानें लगेच सुरू करावें. विंचू चावलेल्या मुलास मंत्र-उताऱ्यांत वेळ न दवडतां रुग्णालयांत न्यावें, आणि चावल्याची वेळ टिपून ठेवावी.

रुग्णालयांत गेल्यावर ‘सलाईन कां लावीत नाहीं’ किंवा ‘कां काढतां’ असा जाब विचारण्यापूर्वीं ‘आतां पाय कसे आहेत, लघवी किती झाली’ असें विचारावें. हा प्रश्न विचारणाऱ्या नातलगास डॉक्टर आनंदानें उत्तर देतात, असा आमचा अनुभव आहे. आणि उत्तर मिळालें नाहीं, किंवा खाटेच्या पायथ्याशीं नोंदीचा कागदच दिसला नाहीं, तर जरूर काळजी करावी व ती बोलून दाखवावी. बाटली लावलेली आहे आणि पाहावयास कोणी नाहीं, ही स्थिति लीथच्या म्हातारीच्या वेळीं होती. ती आज असूं नये.

आमची मुलगी सहाव्या दिवशीं घरीं आली व दसऱ्यास सोनें वांटीत चाळभर हिंडली. वहिनी आतां शेजारचें कोणाचेंहि मूल तापलें म्हणजे उठून जातात. कपाळास हात लावावयाच्या आधीं त्या पांघरूण बाजूस सारून पाय चांचपतात, अंगठा दाबतात, आणि मनांतल्या मनांत दोन अंक मोजतात.